बसल्या जागी १,९४० कॅलरी

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून. आता माघार नाही.

वजन ९१. व्हायला हवं ८२. मुदत १२ एप्रिल. दहा आठवड्यांत नऊ किलो, म्हणजे आठवड्याला एक किलोसुद्धा नाही. हे मी नुसतं मनावर घेतलं तरी होईल.

नोंद असावी म्हणून लिहितो. ताईचं लिव्हर गेलंय. दारू नाही, काही नाही, शरीरच स्वतःच्या लिव्हरवर उलटलं म्हणे. दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवला तर वाचेल. मागच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये सगळे बसलो होतो. दाजींचा रक्तगट जुळत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कोण आहे? मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं घ्या!" बसूनही म्हणता आलं असतं, पण काही वाक्यं उभ्यानेच शोभतात. दाजी रडले. ताईने माझा हात धरून ठेवला. बायकोसुद्धा दोन सेकंद माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होती.

मग माझा स्कॅन झाला आणि विचका झाला. लिव्हरमध्ये चरबी. नऊ किलो उतरवा, १२ एप्रिलला परत या. तोपर्यंत ताई औषधांवर तग धरेल. "त्यापुढे मात्र थांबता येणार नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला आवडलं नाही ते.

काल घड्याळ घेतलं. हृदयाचे ठोके मोजतं आणि त्यावरून किती कॅलरी जळल्या ते सांगतं. आता विज्ञान माझ्या बाजूला आहे.

४ फेब्रुवारी

अलार्म ५:४५. उठलो ७:३०. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

बावीस मिनिटं चाललो. घड्याळ: १४८ कॅलरी! वाटेत बेकरी. केकचा एक तुकडा, ३१० कॅलरी. हिशोब उलटा पडला. उद्यापासून बेकरी येण्याआधी वळणे.

आहाराचा तक्ता बायकोने फ्रिजवर चिकटवलाय. उकडलेली अंडी, कोबी, काकडी, पुन्हा कोबी. तिने डबा भरून दिला. पण आज फील्डवर होतो. गाड्यांच्या विम्याच्या सर्व्हेअरला गॅरेजवाल्यांबरोबर जेवावं लागतं, नाहीतर माणूस गर्विष्ठ वाटतो. डबा तसाच परत. संध्याकाळी बायकोने तो उघडून मुकाट्याने खाल्ला. "अन्न टाकवत नाही मला," म्हणाली. शाळेच्या लायब्ररीत काम करून करून ती कुठलीच गोष्ट फेकत नाही.

७ फेब्रुवारी

मोठा शोध!

ॲपमध्ये वय, उंची, वजन भरायचं असतं. गंमत म्हणून ९१ च्या जागी ११० टाकलं. तेवढंच चाललो, तेवढेच ठोके, आणि कॅलरी चांगल्या पस्तीस जास्त. म्हणजे माणूस जड असल्याचं कळलं की घड्याळ जास्त माया करतं. ११० च ठेवलंय. हा खोटेपणा नाही, सेटिंग आहे.

११ फेब्रुवारी, दुपार

हॉस्पिटल. देणाऱ्याला काय काय करतात याची माहिती द्यायची पद्धत आहे. छोट्या खोलीत पडदा, पडद्यावर व्हिडिओ. बायको शेजारी. पोटावर इथून तिथपर्यंत रेघ आखतात. मग त्या रेघेवरून... असो. माहिती उपयुक्त होती.

मुद्दा वेगळाच. व्हिडिओ चालू असताना घड्याळ थरथरलं. स्क्रीनवर प्रश्न: "व्यायाम सुरू केलात का?" पल्स १५१! मी खुर्चीत! चाळीस मिनिटांत ३६० कॅलरी!

भीती वगैरे नाही. खोलीत हवा कमी होती.

पण विचार केला पाहिजे. चालून १८०, बसून ३६०. मग लोक चालतात कशाला?

१३ फेब्रुवारी

प्रयोग सुरू. शास्त्रीय पद्धतीने.

पार्किंगवरून वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड साहेबांशी भांडण, बारा मिनिटं: ९६ कॅलरी. (गाडी त्यांच्याच जागेत होती, माझी. तरी भांडलो. व्यायामात सबब चालत नाही.)

काळी कॉफी, तीन कप: काहीही न करता पल्स चौदाने वर.

भुताचा सिनेमा, दुपारी, पडदे ओढून: २१०. सोबत पॉपकॉर्न, मोठं. पॉपकॉर्न हलकं असतं.

बायको म्हणाली, "तू चालायला कधी जाणारेस?" म्हटलं, मी आत्ताच येऊन बसलोय. ती म्हणाली, "कुठून, सोफ्याच्या त्या टोकावरून?"

हिला विज्ञान कळत नाही.

१९ फेब्रुवारी

आज एका महाभागाचा क्लेम बघितला. गेटच्या खांबाला गाडी घासली, फुटलाय एक दिवा, आणि लिहून आणलंय दोन्ही दरवाजे, बॉनेट, बंपर. सगळं खोडलं. लोक आकडे इतके फुगवतात, आणि चेहरा असा की जणू आपणच बळी. लाज कशी वाटत नाही यांना?

गॅरेजच्या मिस्त्रीला घड्याळ दाखवलं. बसल्या जागी कसा व्यायाम होतो ते समजावलं. तो हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडी न्यूट्रलवर ठेवून ॲक्सिलरेटर दाबला की काटा वर जातो. गाव येतं का?"

मी म्हटलं, गाव येत नाही, पण पेट्रोल तर जळतं ना!

तो म्हणाला, "पेट्रोल जळतं. तुमचं काय जळतंय ते बघा."

हसला. आता त्याच्या गॅरेजचे क्लेम जरा बारकाईने बघावे लागतील.

२४ फेब्रुवारी

वजन ९१.८.

स्नायू. स्नायू चरबीपेक्षा जड असतात हे सगळ्यांना माहीत आहे. बायकोने विचारलं, कुठे आलेत ते? असे कुठे म्हणून दाखवता येत नाहीत.

शिवाय काट्याचाही प्रश्न आहे. बाथरूमच्या फरश्या एकसारख्या नाहीत. म्हणून काटा घरभर फिरवला. स्वयंपाकघर ९१.६. पॅसेज ९२ (लगेच उतरलो). हॉलमधला जाड गालिचा: ८६!

काटा आता गालिच्यावरच राहील. माणसाने आपल्याला मानवेल तिथे उभं राहावं.

२ मार्च, संध्याकाळ

ताईचा फोन. आवाज बारीक झालाय, मधेच दम घेते. बोलली आधी इकडचं तिकडचं. मग हळूच, "किती झालं रे वजन?"

म्हटलं, ८६.

ती तिकडे वळून दाजींना म्हणाली, "ऐकलंत का, चारच राहिले!" दाजी मागून काहीतरी आनंदाने ओरडले. मग ताई म्हणाली, "फार उपाशी नको राहूस. तुला लहानपणापासून भूक सहन होत नाही."

फोन ठेवला तेव्हा पल्स १३४. कॅलरी ६२. म्हणजे ताईशी बोलणं हासुद्धा व्यायामच. पण रोज झेपेल असं वाटत नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

(८६ हे खरंच आहे. गालिच्यावर.)

६ मार्च

गंमत. अलार्म माझा वाजतो आणि बायको उठते. गेले तीन आठवडे रोज पाऊण तास चालून येते. माझ्या उपक्रमाचा घरावर चांगला परिणाम होतोय.

पण हातात काही नाही! घड्याळ नाही, फोन नाही. मी विचारलं, मग तुला कळतं कसं किती चाललीस?

"घरी परत पोचले की कळतं."

अडाणीपणा. एवढे पाय झिजवले आणि नोंद शून्य. म्हणजे ते झालंच नाही.

११ मार्च

बायकोचं काहीतरी चाललंय, आणि मला अंदाज आलाय.

एक. तिचे सगळे ड्रेस सैल झालेत. बाजूंनी शिवून घेतले. दोन. काल कपाटातून लग्नाचा अल्बम काढून एकटीच बघत बसली होती. तीन. आज सकाळी विचारते, आपलं लग्नाचं सर्टिफिकेट कुठल्या फाइलमध्ये आहे रे? चार. हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी. म्हणाली, रुटीन रक्त तपासलं.

स्पष्ट आहे. ती नव्याने माझ्या प्रेमात पडली आहे. मी उभा राहून "माझं घ्या" म्हणालो तेव्हापासूनच. हे असं उतारवयात होतं कधीकधी. मी पोट आत घेऊन वावरतोय. पोट आत घेतल्याने पल्स सहाने वाढते. तेही धरतोय.

१७ मार्च

ताईला तीन दिवस ॲडमिट केलंय. पोटात पाणी झालं होतं, काढलं. भेटायला गेलो. डोळे पिवळे. हात इतके बारीक की घड्याळ तिच्या दंडाला बसेल. मी पंधरा मिनिटं थांबलो. पल्स १५६. एवढ्या व्यायामानंतर जिना उतरणं योग्य नव्हतं, लिफ्ट घेतली. कँटीनमध्ये बटाट्याचे काप, दोन प्लेट. हॉस्पिटलमधलं खाणं अंगी लागत नाही.

दाजी लिफ्टपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तू आहेस म्हणून मला झोप लागते रे."

हे असं बोलायची गरज नसते.

बायको मात्र तिथेच थांबली, दोन तास. हे विशेष. ती आणि ताई आठ वर्षं धड बोलत नाहीत. आमच्या नव्या घराचे हिरवे पडदे बघून ताई म्हणाली होती, "दवाखान्यासारखं वाटतंय गं." तेव्हापासून. आता त्या दोघी दोन तास काय बोलल्या असतील? बायकोला विचारलं. म्हणाली, "पडद्यांचंच."

२४ मार्च

आजपासून खरंच. आत्तापर्यंतचं सगळं तयारी होतं.

पूर्ण दिवस फक्त पाणी.

सकाळी ११:२०: ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस. केक नाकारणं हा त्या मुलीचा अपमान झाला असता.

११:४०: तिचा दुसऱ्यांदाही अपमान केला नाही.

२७ मार्च

नवीन पँट घेतली, कंबर दोन इंच जास्त. जुन्या सगळ्या लाँड्रीवाल्याने आटवल्या. एकजात सगळ्या. त्याला सांगितलं तर म्हणतो, साहेब, पँटची लांबी बघा, ती कुठे आटली? उद्धट माणूस. पल्स ११८. कॅलरी २६.

३० मार्च

एकूण जमा केली. आजपर्यंत घड्याळाने दिलेल्या कॅलरी: ४१,३००. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी. भागाकार केला. कागदावर माझे पाच किलो ३६० ग्रॅम गेलेले आहेत.

शरीराला अजून कळवलं गेलेलं नाही, एवढंच.

सगळा रेकॉर्ड छापून घेतला. ३४ पानं, आलेखांसकट. डॉक्टरीणबाईंना देणार. माणसाने केलेले कष्ट दिसायला हवेत.

५ एप्रिल

विचार येतो, स्कॅन चुकू शकतो. शेवटी ते मशीन आहे. मशीनवर किती विश्वास ठेवायचा?

(घड्याळ वेगळं. ते माझ्या अंगाला लागून असतं.)

आणि समजा आकडा थोडा इकडेतिकडे झालाच, तर ते लोकच म्हणतील, साहेब, तुम्ही शर्थ केलीत, आता नाइलाज आहे. मग मी काय करणार? नाइलाजापुढे कुणाचं चालतं? हे लिहिताना पल्स एकदम ७४ वर आली. दोन महिन्यांत इतकी खाली कधी आली नव्हती. का बरं?

असो.

१२ एप्रिल, दुपार

हॉस्पिटलच्या काट्याखाली गालिचा नाही.

९४.२.

स्कॅन: चरबी पहिल्यापेक्षा जास्त.

मी ३४ पानं डॉक्टरीणबाईंपुढे सरकवली. त्यांनी ती शांतपणे चाळली, अगदी शेवटपर्यंत. मी क्लेम चाळतो तशी. मग पेन घेऊन आलेखांच्या शिखरांवर गोल करत गेल्या आणि मी कारणं सांगत गेलो. अकरा फेब्रुवारी, व्हिडिओ. दोन मार्च, ताईचा फोन. सतरा मार्च, ताईचा वॉर्ड. "हे सगळं बसल्या जागचं आहे," म्हणाल्या. "तुम्हाला भीती वाटते का ऑपरेशनची?"

मी म्हटलं, छे. अजिबात नाही.

आणि हातावर घड्याळ थरथरलं. बाईंनी वाकून वाचलं. "व्यायाम सुरू केलात का?"

त्या हसल्या नाहीत. हसायला हवं होतं. म्हणाल्या, "भीती वाटणं हा गुन्हा नाही. घाबरलेल्या माणसाला आम्ही टेबलावर घेतच नाही, कागदावर काहीतरी वैद्यकीय कारण लिहून देतो, घरच्यांनाही कळू देत नाही. 'नको' म्हणायला तुम्हाला एक फोन पुरला असता. त्यासाठी दहा आठवडे खायची गरज नव्हती."

मी म्हटलं, पण ताईचं काय?

"त्यांना द्यायला दुसऱ्या बाई तयार आहेत. रक्तगट जुळतो, सगळ्या तपासण्या झाल्या. त्यांनाही पाच किलो सांगितले होते, साडेसहा उतरवले." मग फाइल बंद करता करता म्हणाल्या, "तुमच्या फ्रिजवरचा तक्ता पाळला त्यांनी."

१२ एप्रिल, संध्याकाळ

बायको गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी विचारलं, कधी ठरवलंस?

"व्हिडिओच्या दिवशी. तुझा हात हातात होता माझ्या. पार भिजला होता."

मग ते सर्टिफिकेट? अल्बम?

"परवानगी देणारी कमिटी असते. नातं काय आहे ते दाखवावं लागतं. फोटोंसकट."

म्हणजे प्रेम वगैरे...

"काय?"

काही नाही, म्हटलं. मग विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

तिने माझा शर्ट झटकला. "सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी डबा खायचा सोडला असतास."

मी तसाही कुठे खात होतो?

"हो ना. मीच खाल्ला रोज. पण वाटायचं, उद्या तरी रिकामा येईल. काल पण वाटलं होतं."

तिने कपड्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यात माझी नवी पँट होती. तिने ती घडी न घालता वर ठेवली होती, दिसेल अशी.

२८ एप्रिल, सकाळ ७

दोघींना एकदमच आत नेलं. दोन स्ट्रेचर, शेजारी शेजारी, हिरव्या पडद्यांच्या पॅसेजमधून. ताई मान वळवून म्हणाली, "वहिनी, तुझे पडदे बरे होते गं यापेक्षा."

बायको म्हणाली, "आत्ता म्हणताय होय?"

दोघी हसल्या. स्ट्रेचर ढकलणारे थांबून राहिले.

बायकोने चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सांभाळ. बसशील त्यावर." चष्म्याशिवाय तिला मी दिसत नव्हतो, हे बरं होतं.

ताईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. काहीही बोलली असती तरी चाललं असतं. मी तयार होतो.

ती म्हणाली, "तू वेळेवर जेवून घे हं."

आणि दार बंद झालं.

२८ एप्रिल, दुपार ४:१०

वेटिंग रूम. नऊ तास. दाजी समोर बसलेत. बोलत नाहीत माझ्याशी. रागाने नाही, बोलण्यासारखं काही उरलं नाही. मधे एकदा मी जागा बदलली तर त्यांनी बॅग उचलून जागा करून दिली. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

पल्स सकाळपासून १२० च्या खाली नाही. आत्ताच घड्याळ थरथरलं. रंगीत फटाके उडाले स्क्रीनवर. "अभिनंदन! आजवरचा तुमचा सर्वोत्तम दिवस! १,९४० कॅलरी!"

दाजींनी आवाज ऐकून विचारलं, कुणाचा मेसेज? आतून काही आलं का? म्हटलं, नाही. कंपनीचा आहे.

२८ एप्रिल, संध्याकाळ ६

झालं. दोघी ठीक. डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढून दाजींना सांगत होत्या, अर्धं हिच्यात राहिलं, अर्धं तिच्यात बसवलं, तीन महिन्यांत दोन्हीकडे वाढून जवळजवळ पूर्ववत होईल. दाजी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांना उठवायला गेलो, पण ते उठायला तयार नव्हते, मग मीही शेजारी बसलो.

बायकोला काचेतून बघितलं. डोळे मिटलेले. चष्मा माझ्याकडे आहे हे तिला सांगायचं होतं. नर्स म्हणाली, उद्या.

घड्याळ काढून बॅगेत टाकलं. काढताना मनगटावर पांढरा पट्टा दिसला. ठोके चालूच होते, कुणी मोजत नसतानाही.

सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दाजींना विचारलं, येता का? ते म्हणाले, तू जा.

कँटीन चार मजले खाली. जिन्याने उतरलो. उतरण्यात फारसं काही जळत नाही.

जेवलो. येताना लिफ्ट घेतली.